भिमाबाईच्या हातावरचं निळं

मालती भामरे सिल्वासात आली ती अठ्ठ्याण्णव साली, लग्नानंतर तीन महिन्यांनी. माहेर सटाण्याचं. बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलेली, आणि गावात त्या पदवीचं करायचं काय हे कोणालाच माहीत नव्हतं. सिल्वासात मात्र ते लगेच कळलं. पहिली काही वर्षं शिकवण्या घेऊन झाल्यावर तिला सायलीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. टाइल्सवर आणि कपबश्यांवर चढवायचे रंग तिथे बनत. त्याला आता बावीस वर्षं झाली. नवरा गजानन सीसीटीव्ही बसवायचा आणि दुरुस्त करायचा. सामरवरणीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवायच्या टेबलावर निम्म्या जागेत कायम उघडे कॅमेरे पडलेले असत.

मालती बोलायला कमी आणि कामाला चोख. घरी मीठ मुठीने टाकणारी ही बाई लॅबमध्ये चिमूटभर पावडरही तीनदा तोलायची. जे मोजता येतं तेच खरं, असं ती मानत असे. निदान गेल्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत तरी.

त्या जानेवारीत हृषीकेश तिच्याकडे एक नवीन काम घेऊन आला. हृषीकेश पुण्याचा, नवीन रंग तयार करण्याच्या विभागाचा मॅनेजर, तिच्याहून वीस वर्षांनी लहान.

"मालतीताई, एक जरा वेगळी ऑर्डर आहे. इजिप्शियन ब्लू. बाहेरची एक संस्था जुन्या भिंतींची डागडुजी करते, त्यांना अडीच किलो नमुना हवाय."

"कोबाल्टचा निळा देऊन टाक की. दिसायला काय फरक पडणार?"

"त्यांना तोच हवाय. जुन्या पद्धतीचा."

मालतीने वाचायला घेतलं आणि त्यात गुंतून गेली. माणसाने स्वतः बनवलेला हा बहुधा सगळ्यात पहिला रंग. चारसाडेचार हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये राजाच्या थडग्याला निळा हवा असायचा, आणि निळा दगड यायचा थेट अफगाणिस्तानच्या डोंगरांतून. सोन्याच्या मोलाचा. मग कोणा भट्टीवाल्याने वाळू, चुनखडी, तांबं आणि झाडपाल्याची राख एकत्र भाजली आणि दगडासारखाच निळा भट्टीतून बाहेर काढला. पुढे तो रोमन लोकांनी उचलला. त्यांच्यानंतर मात्र तो विसरला गेला, इतका की हजारएक वर्षं जगात कोणालाच तो करता येत नव्हता. भिंतींवर रंग होता, पण त्याची रीत जाणणारं माणूस उरलं नव्हतं. शेवटी दोनशे वर्षांपूर्वी जुन्या अवशेषांत सापडलेली निळी पूड तपासून रसायनवाल्यांनी ती रीत पुन्हा शोधून काढली.

कागदावर ती सोपी होती. वाळू, चुनखडी, तांब्याचा क्षार, वितळायला मदत म्हणून थोडा सोडा, आणि नऊशे अंशांवर पूर्ण एक दिवस. पण भट्टी कागदाचं ऐकत नाही. पहिल्या खेपेला मुशीतून काळा गोळा निघाला. दुसऱ्या खेपेला उष्णता वाढली आणि तळाशी बाटलीसारखी हिरवी काच साचली. पाचव्यांदा निळ्याची नुसती एक शीर दिसली, राखाडी ढेकळाच्या पोटात. मालतीने वाळू अधिक बारीक दळली, सोडा कमी केला, भट्टी हळू थंड केली. अकराव्या खेपेला मूस उघडली तेव्हा आत निळं होतं. गडद, जाडसर, शाईच्या वड्या कुटून टाकल्यासारखं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. लॅबचं दार उघडं होतं आणि बाहेर झाडलोट करणारी भिमाबाई फरशी पुसत होती. तिचाही हात थांबला होता, पण तेव्हा मालतीच्या ते लक्षात आलं नाही.

खरा निळा जमलाय का हे तपासायची एक खूण होती. हा रंग साध्या उजेडाखाली ठेवला की तो स्वतःचा एक उजेड बाहेर टाकतो. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, लालच्याही पलीकडचा असतो. कॅमेऱ्याला मात्र दिसतो. हजारो वर्षं भिंतींवर तो तसा चमकत होता आणि कोणाला पत्ता नव्हता. हे कळून फार तर पंचवीसतीस वर्षं झाली होती.

"एवढंच ना?" गजानन म्हणाला. "प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक बारीक काच असते, ती असला उजेड अडवते. ती काढतो. पुढे जुन्या रिमोटच्या तोंडावरचं काळं प्लास्टिक लावतो. त्यातून साधा उजेड जात नाही, तुझा तो न दिसणारा तेवढा जाईल."

लॅबला लागून एक वजनखोली होती. तिला खिडकी नव्हती, आत नुसत्या दोन एलईडी ट्यूब. ट्यूबच्या उजेडात तो न दिसणारा भाग नसतोच, त्यामुळे खोली त्या कामाला अगदी योग्य. गजाननने कॅमेरा भिंतीला लावला आणि मालतीने बशीत पूड ठेवली. खोली डोळ्यांना लख्ख उजळलेली होती, पण बाहेरच्या स्क्रीनवर पूर्ण काळोख होता. ना टेबल, ना भिंत, ना शेजारी उभी असलेली मालती. त्या काळोखात फक्त बशीतली पूड पांढरी पेटलेली.

"आयला," गजानन हळूच म्हणाला.

संस्थेला हवं होतं की आठवडाभर उजेडात ठेवूनही ही चमक उतरत नाही याचा पुरावा द्यावा. म्हणून मालतीने ट्यूब चालू ठेवल्या, कॅमेरा रेकॉर्डिंगला लावला आणि खोलीला कुलूप घातलं. आठवडाभर कोणी आत जायचं नाही, झाडायलाही नाही, असं तिने सगळ्यांना बजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता ती रेकॉर्डिंग भरभर पुढे सरकवत होती. काळोख, मधोमध पांढरी बशी. तास उलटत होते, काही बदलत नव्हतं. आणि सकाळी सात बाराला उजव्या कडेने काहीतरी आत आलं.

ठिपके होते. फिकट, एकाखाली एक दोन ओळी, आणि त्यांच्या टोकाला काड्यांचा असावा तसा एक माणूस, बोटभर उंचीचा. ते कशावरही काढलेले नव्हते. नुसते हवेत होते. ते हळूहळू सरकत टेबलापर्यंत आले आणि थांबले. मग बशीचा उजेड अर्धा विझला, पुन्हा दिसला. म्हणजे त्या ठिपक्यांबरोबर जे होतं त्याला अंग होतं. काळोखात काळोखाचंच अंग. मिनिटभर ठिपके बशीसमोर अधांतरी राहिले आणि आले तसे निघून गेले.

मालतीने डबा बाजूला सारला. तिने ते पाच वेळा पाहिलं. मग उठून वजनखोलीचं कुलूप ओढून पाहिलं. ते बंद होतं.

घरी तिने गजाननला दाखवलं. "कोणीतरी आत गेलंय, त्यात काय एवढं?" तो म्हणाला.

"माणूस यात दिसत नाही, मान्य. मग हे ठिपके काय आहेत?"

गजाननने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "कपड्यावर पूड सांडली असेल."

"पूड सांडली तर डाग दिसेल. हे मोजून काढलंय. अकरा ठिपके आणि एक माणूस."

 रात्री जेवताना त्यानेच तिला सांगितलं, उद्या एकटी थांबू नकोस तिथे.

दुसऱ्या सकाळी सात दहाला ठिपके पुन्हा आले आणि पाच मिनिटं थांबले. तिसऱ्या सकाळी ते बशीवर खाली झुकले. वर आले तेव्हा ठिपक्यांच्या पुढे, वीतभर अंतरावर, पाच नवे उजेड होते. बोटांची टोकं. ती एकमेकांवर घासली गेली, वर गेली, आणि जिथे एखाद्याचा चेहरा असेल तिथे जाऊन टेकली. काळोखात पाच बोटांचा पुसट ठसा उमटला आणि तिथेच राहिला. मग तो ठसाही चालू लागला.

मालतीने स्क्रीन बंद केला.  बावीस वर्षं ती ज्या इमारतीत वावरली तिच्या त्या खोलीकडे पाठ करून बसणं त्या दिवशी तिला जमेना. हृषीकेशला सांगावं असं दोनदा मनात आलं, पण सांगणार काय? की सकाळी सातला इथे कोणीतरी येतं आणि त्याला शरीर नाही?

चौथ्या दिवशी ती पावणेसातलाच आली. गजानन सोबत येतो म्हणाला होता, तिने नको म्हटलं. लॅबमध्ये स्क्रीनसमोर ती बसून राहिली. बाहेर शिफ्ट बदलायची होती, पाण्याचा पंप चालू होता. सात अकराला कडेने ठिपके आत आले. तिला पावलं ऐकू आली नाहीत. ती उठली, पॅसेजमधून वळसा घालून गेली आणि वजनखोलीचं दार ढकललं. कुलूप कडीला उघडं लोंबत होतं.

ट्यूबच्या पांढऱ्याफेक उजेडात भिमाबाई बशीसमोर उभी होती. उजवा हात पुडीवर ठेवलेला. दचकली नाही. वळून तिने मालतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे माझ्या लखनचं हाय. तुजकडं कसं आलं?"

भिमाबाई खेरडी गावची, वारली समाजाची. वय साठच्या आसपास, नक्की तिलाही माहीत नव्हतं. पंधरा वर्षं ती कारखान्यात झाडलोट करायची, त्यासाठी सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या तिच्याकडे असत, आणि दुपारी ती कॅन्टीनला चहा द्यायची. ती सगळ्यांनाच अगंतुगं करायची, मॅनेजरलासुद्धा, आणि कोणाला त्याचं काही वाटत नसे. तिच्या उजव्या हातावर कोपराच्या खाली गोंदण होतं. मालतीने ते हजार वेळा पाहिलं असेल. जुनं, विटलेलं, इतर बायकांच्या हातावर असतं तसंच. आज तिने पहिल्यांदा ते मोजलं. दोन ओळींत अकरा ठिपके आणि टोकाला एक काड्यांचा माणूस.

"बसा भिमाबाई," मालती म्हणाली, आणि आधी स्वतःच स्टुलावर बसली. "लखन कोण?"

"माझा दादला. मरून गेला, तवा माझा पोरगा रांगत होता."

मग तिने सांगितलं. लखन एका काचेच्या भट्टीवर कोळसा टाकायचा. ती भट्टी कधीच बंद पडली. त्याला भिंतीवर चित्रं काढायचा नाद. तांदळाच्या पिठाचा पांढरा सगळेच वापरतात, त्याला निळा हवा होता. बाजारातली नीळ पावसाने जाते, म्हणून त्याने स्वतःच खटपट सुरू केली. दमणगंगेची वाळू, शिंपले भाजून केलेला चुना, वायरीचं तांबं किसून, वर चुलीतली राख. मडक्यात भरून मालकाच्या नकळत भट्टीच्या कडेला सारून ठेवायचा. पुष्कळदा काळंच निघालं. एकदा निळं निघालं.

"घरच्या लोकांनी भिंतीवर लावू नाय दिलं. बोलले, हा रंग आपला नाय. मग जत्रेत गोंदणारीण बसली होती, तिला बोलला, काजळी नको, हे भर. माझ्या हातात भरलं. लय सुजला होता हात."

"आणि उरलेलं?"

"उरलं नाय. पुन्हा करीन बोलला. मग कावीळ झाली."

मालती तिच्या हाताकडे बघत राहिली. तिच्याकडे तापमान मोजणारी भट्टी होती, दळणयंत्र होतं, वाचायला शंभर पानं होती, तरी अकरा खेपा लागल्या. आणि इथून चार कोसांवर एका कोळसा टाकणाऱ्याने न वाचता, न विचारता तीच वाळू, तोच चुना, तेच तांबं आणि तीच राख एका मडक्यात घातली होती. हजार वर्षं जगाला न सापडलेली रीत त्याला सापडली, आणि त्याच्याबरोबर गेली. उरली ती फक्त या कातडीखाली.

तिने भिमाबाईला स्क्रीनपाशी नेऊन रेकॉर्डिंग दाखवलं. भिमाबाईने तोंडावर पदर धरला. "मी नाय यात," ती म्हणाली. "मी कुठं हाय?"

"तुम्ही दिसत नाही. फक्त ते दिसतं."

भिमाबाई स्क्रीनजवळ वाकली. काळोखात तो छोटा काड्यांचा माणूस चालत होता. "तोच चालतो," ती एवढंच म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

एवढ्यावर हे दोघींतच राहिलं असतं. पण स्क्रीन लॅबमध्येच होता आणि शिफ्ट सुपरवायझर विशाल तिथे नेहमी ये-जा करायचा. त्याने मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'लॅबमध्ये भूत, बघा'. गंमत म्हणून. दोन दिवसांत कोणीतरी ते ठिपके भिमाबाईच्या गोंदणाचे म्हणून ओळखले. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये भिमाबाईने ओतलेला चहा तसाच थंड झाला. कोणी उचलला नाही. मागून एकाने हलक्या आवाजात म्हटलं, "भुताळी."

तो शब्द इकडे गमतीचा नाही. एकदा कोणा बाईला चिकटला की गावात कोणाचं मूल आजारी पडलं, कोणाची म्हैस मेली, तरी बोट तिच्याकडेच वळतं. भिमाबाईने कप धुतले, किटली पालथी घातली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही.

मालती विशालकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज पॅसेजभर घुमला. "तुम्हाला कळतंय का काय केलंत?"

"म्याडम, मी नुसतं गंमत म्हणून टाकलं... मला कुठे माहीत होतं ती भिमाबाई आहे?"

"मलाही आधी नव्हतं. पण मी ते गावभर नाही वाटलं."

व्हिडिओ काढून टाकून काही होणार नव्हतं, तो कधीच खेरडीपर्यंत पोचला होता. मालतीने हृषीकेशकडून शनिवारचा एक तास मागून घेतला. कॅन्टीनच्या खिडक्यांना ऊन अडवायला खोक्यांचे पुठ्ठे लावले आणि आत नुसत्या एलईडी ट्यूब चालू ठेवल्या. गजाननने कॅमेरा आणि मोठा टीव्ही आणला. दोन्ही शिफ्टची माणसं आत भरली. मालतीने सगळ्यांसमोर जवसाच्या तेलात पूड कालवली आणि बाही वर सारून स्वतःच्या हातावर अकरा ठिपके काढले.

"आता टीव्हीकडे बघा."

ती कॅमेऱ्यासमोर चालली. टीव्हीवर काळोखातून अकरा ठिपके चालत गेले. 

"मी भुताळी आहे का?" तिने विचारलं. "हा रंग आहे. तुम्हीच दळता तसल्या वाळूचा आणि तांब्याचा. भिमाबाईच्या नवऱ्याने तीस वर्षांपूर्वी केला आणि तिच्या हातात भरला. आपल्याला तो करायला महिना लागला. कोणाला हात पुढे करायचा असेल तर या."

 आधी पॅकिंगमधल्या एका बाईने हात पुढे केला, मग भट्टीवरच्या दोघांनी, मग रांगच लागली. हसणं सुरू झालं. कोणी गालावर लावलं, कोणी कपाळावर. सगळे एकदम कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि टीव्हीकडे बघायला वळले.

तिथे माणूस एकही नव्हता. नुसते ठिपके, तीसचाळीस, काळोखात वरखाली होणारे. हसणं विरत गेलं. आपण यातले कोणते हे कोणालाच कळेना. एकाने हात हलवून पाहिला, मग दुसऱ्याने. सगळेच हात हलवू लागले, स्वतःला शोधत.  समजावून सांगितल्याने भीती गेली होती, पण तिच्या जागी जे आलं त्याला काय म्हणावं ते मालतीला सुचेना. गजाननने न सांगताच टीव्ही बंद केला.

रविवारी दोघं स्कूटरवरून खेरडीला गेली. भिमाबाई अंगणात नागलीचं पीठ चाळत बसली होती. सून दारातच उभी राहिली, 'या' म्हणाली नाही. मालतीने मोबाइलवर शनिवारचं रेकॉर्डिंग दाखवलं, आधी सुनेला, मग शेजारून आलेल्या दोन बायकांना. यांतच भट्टीवरचा तुमचा भाचा आहे, पॅकिंगमधली तुमची वहिनी आहे, असं एकेक करून सांगितलं. बायका एकमेकींना ढोसून हसू लागल्या. सुनेने शेवटी पाणी आणून दिलं.

भिमाबाई हसली नाही. त्या बायका गेल्यावर तिने मालतीला जवळ बसवलं.

"म्याडम, एक सांग. हे भट्टीतून निघतं, मग आगीत जळतं का?"

मालतीला प्रश्न कळला, आणि खोटं बोलावंसं वाटलं. पण रसायनाबाबत ती कधी खोटं बोलली नव्हती. "नाही जळत. नऊशे अंशांत तर ते जन्मतं."

"म्हणजे मला पेटवतील, मी जाईन, नि हे राखेत राहील."

"हो."

"किती दिस?"

"इजिप्तमधलं चार हजार वर्षं राहिलंय. अजून चमकतं."

भिमाबाईने हात उलटा करून गोंदणाकडे पाहिलं. उन्हात ते नुसतं हिरवट, विटलेलं दिसत होतं. "तवा मी नाय, माझा पोरगा नाय, नातू नाय," ती सावकाश म्हणाली. "नि हा असाच चालत राहील अंधारात. एकटा. कोण बघणार त्याला?"

 गजानन अंगणाच्या टोकाला स्कूटरशी उगाचच काही खुडबुड करत होता.

नमुना मार्चमध्ये गेला आणि संस्थेला पसंत पडला. पाठवायच्या कागदांत मालतीने एक ओळ जास्तीची लिहिली, की हा रंग या भागात पूर्वी लखन नावाच्या भट्टीकामगाराने स्वतंत्रपणे बनवला होता. हृषीकेशने पुरावा काय म्हणून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की पुरावा आहे, पण तो पाठवता येणार नाही. त्याने ती ओळ राहू दिली. विशालने एक दिवस येऊन, मान खाली घालून, माफी मागितली. भिमाबाई दीड महिन्याने कामावर परतली, पण तिने वजनखोली झाडायचं साफ नाकारलं आणि पॅकिंगमध्ये खोकी चिकटवायला बसली. आता ती लांब बाहीचं पोलकं घालते. मालती कधी तिकडून गेली तर दोघी एकमेकींकडे बघतात, आणि भिमाबाई बाही मनगटापर्यंत खाली ओढून घेते.